विहिरीच्या पाण्यात सोने निळे पडते, ते कीटकनाशकामुळेच का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विज्ञान दिनाच्या सुमारास आपल्या भागातील महाविद्यालयांच्या प्रदर्शनांत एक प्रयोग हमखास मांडलेला असतो. परीक्षानळीत डाळिंबाच्या रसासारखा लाल द्रव असतो, त्यात गावच्या विहिरीचे पाणी टाकतात आणि दोन-चार मिनिटांत तो जांभळा होऊन निळा पडतो. फलकावर लिहिलेले असते, ‘सोन्याच्या नॅनोकणांद्वारे पाण्यातील कीटकनाशकाची चाचणी’. पुढे बातमीही त्याच शब्दांत येते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या भागात अशा दाव्याचे वजन फार असते. कोणी आपली विहीर सोडून देईल, कोणी उलट द्रव लाल राहिला म्हणून निर्धास्त होईल. म्हणून हे पत्र.

प्रयोग खरा आहे आणि विद्यार्थ्यांनी तो करावाच. पण निळा रंग कीटकनाशकाने आला की पाण्यातल्या क्षारांनी, हे डोळ्यांनी ठरत नाही. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतून जाणाऱ्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथे जमिनीखालचे पाणीच खारे आहे त्या भागात, तर अजिबात नाही.

सोन्याचे दहा-वीस नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) कण पाण्यात लाल दिसतात, कारण त्यांच्यातले इलेक्ट्रॉन ५२० नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरव्या प्रकाशाबरोबर एकत्र हेलकावतात आणि तो प्रकाश शोषून घेतात. उरलेला लाल प्रकाश आपल्यापर्यंत येतो. मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्ये असे लाल द्रव तयार करून त्यांच्या रंगाचा संबंध सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांशी जोडला आणि जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गुस्टाव मी (Mie) यांनी १९०८ मध्ये त्याचे गणित मांडले. हे कण एकमेकांपासून दूर राहतात ते पृष्ठभागावरच्या सायट्रेटच्या (लिंबातल्या आम्लाच्या क्षाराच्या) ऋण भारामुळे. पाण्यात सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियमचे धन आयन वाढले की तो भार झाकला जातो आणि कण एकमेकांना चिकटतात. दोन कणांमधले अंतर त्यांच्या व्यासापेक्षा कमी झाले की शोषण ६०० नॅनोमीटरच्या पुढे सरकते आणि द्रव निळा दिसतो. कीटकनाशकाचा रेणू सोन्याला चिकटून सायट्रेटला हटवतो, तेव्हाही शेवटी हेच घडते. वाट वेगळी, पण शेवटचा रंग एकच.

आता आकडे पाहा. साधे मीठ लिटरमागे ढोबळमानाने दीड ते तीन ग्रॅम असले की सायट्रेटचे कण चिकटू लागतात. नेमका आकडा कणांच्या आकारावर आणि सायट्रेटच्या प्रमाणावर ठरतो. कॅल्शियमचा आयन दुहेरी भाराचा असल्याने तो कितीतरी कमी पुरतो. दोन-तीन मिलिमोलर (लिटरमधल्या कणांच्या संख्येचे माप), म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरला २०० ते ३०० मिलिग्रॅम कठीणपणाच्या आसपासच गडबड सुरू होते. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा २०० पर्यंत चांगला आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. म्हणजे मानकात बसणारे पाणीदेखील हा द्रव निळा करू शकते. त्याच मानकात कीटकनाशकांपैकी मोनोक्रोटोफॉसची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम आणि क्लोरपायरीफॉसची ३० मायक्रोग्रॅम आहे. खारपाणपट्ट्यातल्या एखाद्या बोअरमध्ये लिटरमागे दोन ग्रॅम क्षार धरले, तर ते २० लाख मायक्रोग्रॅम होतात. इतक्या क्षारांतून एक मायक्रोग्रॅम ओळखल्याचा दावा करायचा, तर मोजमाप काटेकोर लागते. सुदैवाने ते आपल्या महाविद्यालयांत होऊ शकते, कारण त्याला लागणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे कोणत्या रंगाचा प्रकाश किती अडतो ते मोजणारे यंत्र, एम.एस्सी.च्या बहुतेक प्रयोगशाळांत असतो.

सुरुवात पाण्यापासून, कारण निम्मे प्रयोग तिथेच बिघडतात. गावात वीस लिटरच्या कॅनमध्ये मिळणारे आरओचे पाणी पिण्याला ठीक, या कामाला नाही. त्यात क्षार उरलेले असतात. बॅटरीच्या पाण्याचीही खात्री नाही. काचेच्या यंत्रातून ऊर्ध्वपातित केलेले, कंडक्टिव्हिटी मीटरवर ५ मायक्रोसीमेन्सच्या खाली दाखवणारे पाणी घ्यावे. भांडी बोअरच्या पाण्याने धुऊन वाळवली की काचेवर क्षारांचा पांढुरका थर राहतो आणि तेवढ्यानेही द्रव जांभळट होतो. म्हणून शेवटचे चार-पाच विसळ ऊर्ध्वपातित पाण्याचेच हवेत. आधीच्या प्रयोगातले सोने काचेला किंवा ढवळणीच्या टेफ्लॉन कांडीला चिकटलेले असेल तर ते अम्लराजाने काढतात. तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्ल, तेही फ्यूम हूडमध्ये (वायू बाहेर ओढून टाकणाऱ्या कपाटात), हातमोजे आणि चष्मा घालून. हे मिश्रण बंद बाटलीत ठेवू नये, त्यातून सतत वायू निघतात आणि बाटली फुटते. ॲसिटोनने विसळलेल्या भांड्यात ते कधीही ओतू नये. फ्यूम हूड नसेल तर अम्लराज करूच नये. त्यापेक्षा दोन नवे फ्लास्क फक्त या कामासाठी वेगळे ठेवावेत.

कण बनवण्याची पद्धत रसायनशास्त्रज्ञ टर्केविच यांची, १९५१ सालची, आणि आजही तिच्याइतकी भरवशाची दुसरी सापडत नाही. क्लोरोऑरिक आम्लाचे (सोन्याच्या संयुगाचे) ट्रायहायड्रेट एक ग्रॅमच्या कुपीत मिळते. ते हवेतले पाणी झपाट्याने ओढते, त्यामुळे थोडे थोडे तोलत बसू नये. पूर्ण कुपी २५४ मिली पाण्यात विरघळवली की १० मिलिमोलर साठा तयार होतो. धातूचा चमचा लावू नये, त्यावरच सोने बसते. या साठ्यातून १ मिलिमोलरचे २० मिली करून ढवळत उकळी आणावी आणि ट्रायसोडियम सायट्रेटचे १ टक्क्याचे २ मिली ताजे द्रावण एकदम ओतावे. सायट्रेटमध्ये बुरशी धरते, म्हणून ते आठवडाभरापेक्षा जुने वापरू नये. फिकट पिवळा रंग जातो, मग काळपट निळसर छटा येते आणि दहाएक मिनिटांत गडद लाल रंग स्थिरावतो. मध्येच वीज गेली आणि उकळी मोडली तर लहान-मोठ्या कणांची सरमिसळ होते. तो घाणा टाकून द्यावा, पुन्हा तापवून काही हाती लागत नाही. थंड झाल्यावर वाफेने उडालेले पाणी भरून एकूण आकारमान बरोबर २२ मिली करावे. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नंतर संहतीचे सगळे हिशेब चुकतात. द्रव रंगीत बाटलीत, फ्रिजमध्ये चालेल, पण गोठू देऊ नये. एकदा गोठला की कण चिकटतात आणि वितळल्यावर सुटत नाहीत.

स्पेक्ट्रोफोटोमीटर सुरू करून निदान अर्धा तास तापू द्यावे आणि विजेच्या चढउतारासाठी स्टॅबिलायझर किंवा यूपीएस लावावा, कारण दाब पडला की दिव्याचा प्रकाश हलतो आणि ते वर्णपटात (तरंगलांबीनुसार शोषणाच्या आलेखात) पायरीसारखे दिसते. तरंगलांबी बरोबर आहे का हे होल्मियम ऑक्साइडच्या काचेवर पाहावे, तिची एक ठळक रेघ ५३६ नॅनोमीटरजवळ आहे, म्हणजे आपल्या कामाच्या अगदी शेजारी. ही काच नसेल तर यंत्रातल्याच ड्यूटेरियम दिव्याची ६५६.१ ची रेघ तपासता येते. शोषकतेचा (प्रकाश किती अडला याचा) आकडा तपासायला पोटॅशियम डायक्रोमेट लिटरला ६० मिलिग्रॅम, ०.००५ मोलर गंधकाम्लात. ३५० नॅनोमीटरवर सुमारे ०.६४ यायला हवा. वर्षातून एकदा तरी हे दोन आकडे यंत्राशेजारच्या वहीत लिहिलेले असावेत, असे आमचे मत आहे. क्वार्ट्झचे क्युव्हेट (नमुना ठेवायची चौकोनी कुपी) या कामाला लागत नाहीत, काचेचे किंवा एकदा वापरून टाकायचे प्लॅस्टिकचेही चालतात. मात्र आतल्या भिंतीवर गुलाबी थर धरला असेल तर तो प्रत्येक मोजणीत मिसळतो.

आता सर्वांत जास्त चुकणारी गोष्ट. वरच्या पद्धतीने बनलेला द्रव जसाच्या तसा यंत्रात ठेवला तर ५२० ला त्याची खरी शोषकता साडेतीनच्या आसपास असते. शोषकता ३ म्हणजे प्रकाशाचा हजारावा भाग पलीकडे पोहोचतो. त्या पातळीला यंत्रातला भटका प्रकाशच मोजला जातो. शिखर चपटे दिसते आणि त्यावरून काढलेले सगळे गुणोत्तर खोटे ठरते. प्रकल्प-अहवालात सपाट माथ्याचा वर्णपट दिसला की समजावे, द्रव विरल केलेला नाही. एक भाग द्रव आणि तीन भाग पाणी घ्यावे. त्या पाण्यात २ मिलिमोलर सायट्रेट असावे, म्हणजे कणांचे संरक्षण टिकते. मग शिखर ०.९ जवळ येते. आणखी निम्मे विरल करून शोषकताही निम्मी होते का, हे पाहावे. झाली नाही, तर मोजणी सरळ रेषेत नाही. बेसलाइन (शून्याची मोजणी) त्याच सायट्रेटच्या पाण्याची घ्यावी, रिकाम्या क्युव्हेटची नाही. ४०० ते ८०० नॅनोमीटर, १ नॅनोमीटरच्या पावलाने, स्लिट (एका वेळी आत जाणाऱ्या तरंगलांबींचा पट्टा) २ नॅनोमीटर. सोन्याचे शिखर रुंद असते, त्याहून बारीक स्लिटने फक्त खरखर वाढते.

वर्णपटातून तीन जागा वाचाव्यात. ४०० नॅनोमीटरवर सोने जवळजवळ कणाच्या आकाराची पर्वा न करता शोषते. ०.५ मिलिमोलर धातुरूप सोन्याला एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये तिथे १.२ शोषकता मिळते. आपल्या चौपट विरल द्रवात सोने ०.२३ मिलिमोलर, म्हणजे ०.५४ च्या आसपास यायला हवे. ०.४५ आले तर क्षपण (आम्लातल्या सोन्याचे धातूत रूपांतर) अपुरे आहे किंवा सोने भांड्याला चिकटले आहे. दुसरी जागा शिखराची, तेरा नॅनोमीटरच्या कणांसाठी ५१८ ते ५२०. तिसरी ६५० नॅनोमीटरची. ताज्या चांगल्या द्रवात ६५० ची शोषकता शिखराच्या एक दशांशाच्या आसपास किंवा खाली असते. कण चिकटू लागले की हे गुणोत्तर चढते आणि द्रव निळा दिसेपर्यंत ते एकाजवळ जाते. हेच गुणोत्तर म्हणजे ‘रंग बदलला’ या वाक्याचे मोजलेले रूप. कनिष्ठ महाविद्यालयात स्पेक्ट्रोफोटोमीटर नसेल तर साध्या डिजिटल कलरीमीटरवर ५३० आणि ६६० चे फिल्टर लावूनही त्याचा पुरेसा अंदाज येतो.

विहिरीच्या पाण्याची चाचणी करताना निम्म्यावर विरल केलेला द्रव १.५ मिली आणि नमुना १.५ मिली घ्यावा आणि प्रत्येक वेळी बरोबर दहाव्या मिनिटाला वर्णपट घ्यावा. कण चिकटण्याची क्रिया चालूच असते. एक नमुना तिसऱ्या मिनिटाला आणि दुसरा चहा पिऊन आल्यावर वाचला, तर दोघांची तुलना होत नाही. तासाभराने गुठळ्या तळाला बसतात आणि मग ६५० सकट सगळीच शोषकता उतरते. तेव्हा द्रव फिका दिसतो आणि ‘बदल नाही’ अशी नोंद होते. ४०० चा आकडा पाहिला तर ही चूक लगेच पकडता येते. काळ्या मातीतल्या विहिरीचे पाणी गढूळ असते. त्यातली चिकणमाती प्रकाश विखुरते आणि निळ्या बाजूची शोषकता फुगवते, म्हणून नमुना ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून घ्यावा आणि सोन्याशिवायच्या त्याच पाण्याचा वर्णपट वेगळा घेऊन वजा करावा.

पण खरा निवाडा तुलनेच्या नमुन्यांवर आहे. आम्ही चार नमुन्यांचा आग्रह धरतो. ऊर्ध्वपातित पाणी हा पहिला. दुसऱ्यात ऊर्ध्वपातित पाण्यात मीठ, कॅल्शियम क्लोराइड आणि मॅग्नेशियम सल्फेट घालून विहिरीइतकेच क्षार आणि तेवढाच कठीणपणा साधलेला. विहिरीचे आकडे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेतून मिळवता येतात. तिसरा नमुना सर्वांत बोलका. तेच विहिरीचे पाणी, पण आधी नीट धुतलेल्या सक्रिय कोळशातून गाळलेले. कोळसा कीटकनाशकासारखे सेंद्रिय पदार्थ पकडतो, क्षार बहुतांशी पुढे जाऊ देतो. गाळलेल्या पाण्यानेही सोने तितकेच निळे पडले, तर रंग क्षारांचा आहे. चौथ्यात त्याच पाण्यात माहीत असलेल्या मात्रेचे कीटकनाशक मिसळून ६५० आणि शिखराचे गुणोत्तर मात्रेबरोबर चढते का, ते पाहायचे. दुसरा आणि तिसरा नमुना निळा पडला तर प्रकल्प फसला असे मुळीच नाही. त्या विद्यार्थ्याने पाण्याच्या खारेपणाची चाचणी शोधली आहे आणि फलकावर प्रामाणिकपणे तेच लिहावे. खारपाणपट्ट्यात तीही उपयोगाची आहे.

पळस, कडुनिंब, तुळस यांच्या अर्कातून सोन्याचे कण बनवण्याचे प्रकल्पही सध्या फार होतात. त्यांच्या अहवालात ‘शिखर ५४० ला, म्हणून आकार २० नॅनोमीटर’ अशी वाक्ये सापडतात. शिखराच्या जागेवरून लहान कणांचा आकार सांगता येत नाही. दहा ते वीस नॅनोमीटरच्या दरम्यान शिखर चार-पाच नॅनोमीटरच सरकते, त्यात यंत्राची स्वतःची चूक एक-दोन नॅनोमीटरची. शिवाय अर्कातल्या पदार्थांचे आवरण कणाभोवती बसले की अपवर्तनांक वाढतो आणि शिखर लाल बाजूला जाते, कणांचा आकार तोच असला तरी. थोडे कण चिकटले, कोनेदार बनले, तरी तेच. सायट्रेटच्या गोल कणांसाठी शिखर आणि ४५० यांच्या शोषकतेचे गुणोत्तर जास्त कामाचे आहे. ते दहा नॅनोमीटरला १.५ च्या आसपास असते आणि वीसला १.७ च्या पुढे जाते. अर्कातल्या कणांना मात्र ही युक्ती लागू नाही, कारण अर्क स्वतःच ४५० ला भरपूर शोषतो. ते कण सेंट्रिफ्यूजने दोनदा धुऊन मगच वर्णपट घ्यावा आणि आकाराचा दावा करायचाच असेल तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालचे चित्र जोडावे. पवईच्या आयआयटीतील प्रगत उपकरणांच्या ‘सैफ’ केंद्रात बाहेरच्या संस्थांचे नमुने शुल्क घेऊन तपासतात.

आणखी एक सांगायचे आहे. स्पेक्ट्रोफोटोमीटर शोषलेला आणि विखुरलेला, दोन्ही प्रकाश मिळून वजाबाकी दाखवतो. वीस नॅनोमीटरपर्यंत विखुरणे नगण्य असते, ऐंशीपर्यंत ते शोषणाच्या जवळपास येते. मोठ्या कणांच्या अहवालात ‘शोषण’ हा शब्द सरसकट वापरणे म्हणूनच चूक आहे.

हे सारे शिकणे नोकरीच्या दृष्टीनेही वाया जाणारे नाही. गडचिरोलीत आशाताई मलेरियासाठी जी पट्टी वापरतात, तिच्यावरची लाल रेघ बहुधा सुमारे चाळीस नॅनोमीटरच्या सोन्याच्या कणांची असते आणि अशा पट्ट्या बनवणाऱ्यांकडे सोन्याचा द्रव त्याच्या शिखराच्या शोषकतेवरूनच विकत घेतला आणि तपासला जातो. विरल न करता शोषकता मोजणारा पदवीधर तिथे पहिल्याच दिवशी अडेल.

आपणांस आणि आपल्या तालुका प्रतिनिधींना आमची विनंती अशी की, पाण्यातले विष ओळखणाऱ्या सोन्याची बातमी आली तर छापण्यापूर्वी तीन आलेख मागावेत. ऊर्ध्वपातित पाण्याचा, तितक्याच क्षारांच्या पाण्याचा आणि कोळशातून गाळलेल्या विहिरीच्या पाण्याचा. प्रदर्शनांच्या परीक्षकांनीही गुण देण्यापूर्वी हेच विचारावे. विद्यापीठांनी संलग्न महाविद्यालयांना होल्मियमची एक काच आळीपाळीने फिरवून दिली तरी मोठे काम होईल. खर्चाच्या मानाने तिचा उपयोग फार आहे.

आणि ज्या शेतकऱ्याच्या विहिरीवर अशा प्रयोगातून शंका घेतली गेली आहे, त्याने घाबरून विहीर बुजवू नये आणि दुर्लक्षही करू नये. पिण्यासाठी तूर्त दुसरे पाणी वापरावे. एक लिटरची गडद रंगाची काचेची बाटली स्वच्छ करून काठोकाठ भरावी. प्लॅस्टिकची नको, काही कीटकनाशके तिच्या भिंतीला धरतात. बाटलीवर तारीख, विहिरीची खोली आणि शेवटची फवारणी कधी व कशाची झाली ते लिहावे. ती बर्फात ठेवून एक-दोन दिवसांत मास स्पेक्ट्रोमीटर असलेल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पोहोचवावी आणि अहवाल मायक्रोग्रॅम प्रति लिटरमध्ये, प्रत्येक कीटकनाशकाच्या नावासह मागावा.

आपले,
रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्राचे काही प्राध्यापक,
दर्यापूर–मूर्तिजापूर परिसर